दोन लिटर पाणी आणि दाण्याचं कूट

माझ्या मोठ्या आतड्यात अडकलेल्या शेंगदाण्यांचे रंगीत फोटो माझ्याकडे आहेत. एकूण चार. चकचकीत कागदावर छापलेले, बाजूला माझं वय, आणि खाली इंग्रजीत एक ओळ. तिचा अर्थ असा, की पोटाची तयारी अपुरी असल्यामुळे तपासणी अर्धवट सोडली. तीस वर्षं मी आठवीच्या मुलांना पचनसंस्था शिकवते आहे. फळ्यावर आतड्याची आकृती मी डोळे मिटून काढीन. आणि खुद्द माझ्या आतड्याचा पहिला फोटो निघाला तो दाण्याच्या कुटासकट. ते कागद मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेत. हाताला लागले की अजून डोकं फिरतं.

सुरुवात रक्ताने झाली. शौचाला रक्त दिसलं, एकदा, मग आठ दिवसांनी पुन्हा. दुसऱ्या कुणाला दिसलं असतं तर मूळव्याध म्हणून मोकळं होता आलं असतं. मला ती सोय नव्हती. मंगळवेढ्याचा माझा थोरला भाऊ, दादा, दीड वर्षापूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनेच गेला होता. सख्ख्या भावंडांनी एकदा दुर्बिणीतून तपासून घ्यायला हवं, असं त्याच्या डॉक्टरांनी मला तेव्हाच बजावलं होतं. मी हो हो म्हटलं आणि वर्षभर पेपर तपासत बसले. आता रक्त दिसल्यावर प्रश्न एकच होता: दादाच्या पोटात जे होतं ते माझ्या पोटात आहे का. उत्तर एका नळीने मिळणार होतं, आणि ती नळी आत जायची तर आधी आतडं धुऊन निघायला हवं होतं.

दादाचं घोडं नेमकं इथंच अडलं होतं. त्यालाही रक्त दिसलं होतं, तोही सोलापूरला तपासणीला आला होता, आणि पोट साफ झालेलं नाही म्हणून डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं होतं. औषधाचं दुसरं पाकीट हातात देऊन आठ दिवसांनी यायला सांगितलं होतं. तो गेलाच नाही. गेला तो आठ-नऊ महिन्यांनी, पोट फुगल्यावर, आणि तेव्हा फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मी त्याच्यावर इतकी चिडले होते की दहाव्यालाही मला धड रडता आलं नाही. एक पाकीट पाण्यात कालवून प्यायचं होतं, बास. तेवढ्यासाठी माणूस जीव घालवतो का?

म्हणून मी ठरवलं होतं की आपण हे काम पद्धतशीर करायचं, शाळेतल्या प्रयोगासारखं.

पण पद्धतशीर काही करायचं तर सूचना तरी वाचता यायला हव्यात. दवाखान्यातून मिळालेला कागद म्हणजे फोटोकॉपीची फोटोकॉपी होती. सगळा मजकूर इंग्रजीत, आणि उजवीकडची दोन बोटं जागा पांढरी पडलेली. किती तास आधी काय बंद करायचं, ते आकडे नेमके त्या पांढऱ्या जागेत. मी काउंटरवर जाऊन विचारलं तर तिथली मुलगी मान वर न करता म्हणाली, "मॅडम, त्यात सगळं लिहिलंय की." मी तो कागद तिच्या नाकासमोर धरला. तिने तो उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाली, "मग सरांना विचारा."

तोवर बातमी फुटली होती. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना सकाळी फिरायला जाऊन बोलायला माणसं लागतात. दोन दिवसांत जुळे सोलापुरातल्या आमच्या सगळ्या अपार्टमेंटला माझ्या पोटाची खबर होती. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण आमच्या बिल्डिंगमध्ये इतकी मनापासून पाळलेली मी कधी पाहिली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या काकू एरंडेलाची बाटली घेऊन वर आल्या. कोमट दुधातून दोन चमचे घ्यायचं, सकाळी आतडं आरशासारखं लख्ख, म्हणाल्या. शाळेतले हेडक्लार्क एनिमाचे पुरस्कर्ते निघाले. त्यांच्या वडिलांना गावच्या दवाखान्यात देत, पाच मिनिटांत निकाल. चित्रकलेच्या बाईंच्या नवऱ्याने एवढीशी एक बाटली पाण्यात घालून प्यायली होती आणि त्याचं काम दोन ग्लासांत झालं होतं. नातेपुत्याच्या मावसबहिणीने फोनवर त्रिफळा सुचवला आणि वर म्हणाली, "दवाखान्यातलं कायतरी घेऊन आतडं जाळून घेऊ नगंस."

कुणाचं ऐकावं? मी उत्तरपत्रिकेची एक पाठकोरी पुरवणी घेतली आणि तक्ता आखला. प्रयोगवहीत मुलांकडून आखून घेते तसाच: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. डावीकडे एकाखाली एक एरंडेल, एनिमा, छोटी बाटली, त्रिफळा, पावडर. तो कागद घेऊन मी डॉक्टरांपुढे बसले. डॉक्टर तरुण होते, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी तक्ता पाहिला आणि त्यांना हसू आवरेना, पण उत्तरं मात्र नीट दिली.

"एरंडेलाने मुरडा जास्त आणि सफाई कमी. त्रिफळ्याचं तेच, रोजच्या पोटाला ठीक आहे. एनिमा खालचा थोडाच भाग धुतो, आणि मला तर पार दुसऱ्या टोकापर्यंत जायचंय. छोटी बाटली प्यायला सोपी, पण तुम्हाला बीपीच्या गोळ्या चालू आहेत, तुमच्या किडनीला ती नको. राहिली पावडर. दोन लिटर पाणी, चव वाईट, पण तुमच्यासाठी तीच बरी."

"सगळी आदल्या संध्याकाळी, का अर्धी सकाळी?"

"अर्धी-अर्धी जास्त चांगली. रात्रीतून वरून परत थोडं खाली उतरतं ना, ते सकाळच्या पाण्याने धुऊन जातं. पण पहाटे उठून प्यावं लागतं, लोक कंटाळा करतात. आणि तीन दिवस खाण्याचं मात्र सांभाळा."

मी कंटाळा नाही केला, मी घाबरले. आमच्या घरापासून दवाखाना वीस-पंचवीस मिनिटं लांब. पहाटे एक लिटर पिऊन रिक्षात बसायचं आणि वाटेत सिग्नलला काही झालं तर? मी तक्त्यात 'सगळी संध्याकाळी' असं लिहून खाली रेघ ओढली. शिकलेल्या माणसाला स्वतःच्या भीतीला कारण जोडायला वेळ लागत नाही.

तीन दिवस पांढरा भात, मुगाच्या वरणाचं वरचं पाणी, दही, ब्रेड. भाकरी बंद, वांगं बंद, साली आणि बिया असलेलं सगळं बंद. शेंगदाणा तर कागदावर ठळक अक्षरात बंद. सोलापुरात शेंगदाणा वगळून जेवायचं म्हणजे पानात उरतं काय? आमच्याकडे भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि तरीही कमी पडलं तर ताटाच्या कडेला शेंगाचटणी. नवरा समोर बसून भाकरीवर चटणी आणि तेल घेत होता आणि मला विचारत होता, "भात मऊ झालाय ना?" मी त्याला ताट उचलून स्वयंपाकघरात जायला सांगितलं.

चौथा दिवस म्हणजे तपासणीचा आदला दिवस. दहा-अकरापर्यंत हलकं काहीतरी खायचं आणि नंतर फक्त पाणी, नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. इथपर्यंत माझं एक अक्षर चुकलं नव्हतं.

आता आमच्या माहेरची एक रीत सांगायला हवी. घरात कुणाचं मोठं काम असलं, म्हणजे परीक्षा, कोर्टाची तारीख, ऑपरेशन, तर त्या माणसाने, नाहीतर त्याच्या आईने, आदल्या दिवशी उपास धरायचा. कुठल्या देवाचा, हे कुणी विचारत नसे. काम फत्ते व्हावं एवढंच. आईने आम्हा दोघा भावंडांना ही सवय लावली, आणि मी विज्ञान शिकवत असले तरी बी.एड.च्या परीक्षेपासून लेकीच्या बाळंतपणापर्यंत एकही उपास चुकवलेला नाही. हाही चुकवला नाही. उलट वाटलं, बरंच झालं, डॉक्टरांचाही उपास आणि आईचाही.

सकाळी दहाला मी साबुदाण्याची खिचडी केली. मऊ, मोकळी, बिनमिरचीची. आणि वाटीभर कूट घालून, कारण कूट कमी पडलं तर खिचडीचा गिचका होतो.

कुणीही विचारेल, तुम्हाला कळलं कसं नाही? मी अनेकदा स्वतःला विचारलंय. एक तर उपासाला जे खातात ते आमच्याकडे खाणं धरतच नाहीत. खिचडीची बशी संपवून माणूस दिवसभर सांगतो की मी उपाशी आहे, आणि ते खोटं बोलतोय असं कुणालाच वाटत नाही. दुसरं असं, की शेंगदाणे बंद हे मला पाठ होतं, पण कूट हे माझ्या डोक्यात शेंगदाणे नव्हतेच. शेंगदाणे म्हणजे मूठभर घेऊन तोंडात टाकायचे ते. कूट म्हणजे कूट. ते मीठ-मोहरीच्या शेजारी डब्यात असतं.

संध्याकाळी सहाला पावडर कालवली. आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड, आणि माझी तारीख पडली होती नेमकी पाणी यायच्या आदल्या दिवशी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. सोसायटीच्या टाकीने तळ गाठला होता आणि ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला होता, की सर्वांनी पाणी जपून वापरावे. मी बादल्या, हंडा, पिंप, कुकरसुद्धा भरून ठेवला होता. प्यायला दोन लिटर आणि ओतायला दोनशे, असा तो हिशेब होता.

त्या पावडरीची चव कशी असते ते मी पूर्वी कुणी सांगितलं असतं तरी मानलं नसतं. लिंबाचा वास, समुद्राच्या पाण्याचा खारटपणा आणि गिळताना भांडी घासायच्या साबणाचा बुळबुळीतपणा. दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. नवरा हातात घड्याळ घेऊन परीक्षेच्या सुपरवायझरसारखा दारात उभा. तिसऱ्या ग्लासाला मला शहारे आले. पाचव्याला मी अर्धं प्यायलेलं बेसिनमध्ये ओकले.

"अगं, सावकाश. अजून दोन मिनिटं आहेत," हा म्हणाला.

"तू पी," मी म्हटलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी त्याला अहो-जाहो करते. त्या संध्याकाळी ते गळून पडलं. तो ग्लास भरून पुढे करत राहिला.

पुढचे तीन-चार तास मी सांगत नाही. एवढंच सांगते, की सोळाव्या खेपेनंतर मी मोजणं सोडलं, हंडा संपला, आणि नवऱ्याने काकूंकडून दोन बादल्या आणल्या. काकूंनी बादलीबरोबर निरोप पाठवला की एरंडेल घेतलं असतं तर हे झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर माझा नंबर लागला. हातात सुई, कुशीवर झोपवलेलं, अर्धवट गुंगी. मला आवाज ऐकू येत होते. डॉक्टर म्हणाले, "हे काय आहे?" सिस्टर वाकून पाहत म्हणाली, "दाणे वाटतायत, सर." मग पाणी मारल्याचा आवाज, ओढून घेतल्याचा आवाज, पुन्हा पाणी, आणि मग डॉक्टर म्हणाले, "नळी चोक होतेय. काढू या."

शुद्धीवर आल्यावर ते माझ्या खाटेपाशी आले. "मॅडम, काल काय खाल्लं होतं?"

"काही नाही. उपास होता," मी म्हटलं.

त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "खिचडी?"

मी मान हलवली. त्यांनी ते चार फोटो माझ्या हातात दिले. ओल्या गुलाबी भिंतीला चिकटलेले पिवळट कण, काहींवर लाल सालसुद्धा. मी साल पाखडायचा आळस केला होता, तेही त्यात दिसत होतं.

"वरचा निम्मा भाग दिसलाच नाही," ते म्हणाले. "जिथे दिसलं तिथे काही नाही, पण त्याला अर्थ नाही. परत करावं लागेल. या वेळी अर्धी पावडर पहाटे. आणि उपास नको."

रिक्षात नवरा म्हणाला, "मला तेव्हाच वाटलं होतं." त्याने त्याच खिचडीच्या दोन बशा खाल्ल्या होत्या.

मी पुन्हा जाणार नव्हते. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण माझं ठरलं होतं. पुन्हा तीन दिवस तो भात, पुन्हा तो साबणाचा खारटपणा, पुन्हा त्या टेबलावर कूस वळवून पडायचं, आणि पुन्हा त्या तरुण डॉक्टरने कपाळावरून हात फिरवायचा. सगळ्यात जास्त मला ते कपाळ खुपत होतं. शाळेत सगळ्यांनी विचारलं, झालं का, काय निघालं? मी म्हटलं, "झालं. काही नाही निघालं." हेडक्लार्क म्हणाले, "देवाची कृपा." मी वर्गावर निघून गेले.

मी खोटं का बोलले, ते मला त्याच दिवशी कळलं. कारण हसणारी माणसं कशी हसतात ते मला ठाऊक होतं. मी स्वतः तशी हसले होते.

दादाला डॉक्टरांनी परत पाठवलं त्या दिवशी तो दवाखान्यातून थेट माझ्याकडे आला होता. मी त्याला भात-आमटी वाढली आणि विचारलं, "काय म्हणाले?" तो म्हणाला, "पोट साफ झालं न्हाई म्हणं. परत बोलावलंय." मी हसले. म्हटलं, "दादा, नुसतं दोन लिटर पाणी प्यायचं होतं. तेवढंही जमलं नाही तुला?" तो मान खाली घालून जेवत राहिला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पंधरा दिवसांनी घरातल्या एका लग्नात, पंगतीत, सगळ्यांसमोर मी तेच सांगितलं. "आमच्या दादाला पाणी पिता येत नाही." पंगत हसली. दादाही हसला. लोका सांगे ब्रह्मज्ञान. त्याचं दुसरं पाकीट तेव्हा घरात पडून होतं आणि आठ दिवसांची मुदत उलटून गेली होती, हे मला माहीत होतं. मी विचारलं नाही.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा रक्त दिसलं. मी टेबलाच्या खणातून तो तक्ता काढला. पावडरीच्या ओळीत माझं निरीक्षण भरलं, लाल शाईने, मुलांच्या वहीत शेरा मारते तसं. मग खाली एक ओळ आखून दादाची माहिती भरायला घेतली. साहित्य: पावडर, दोन लिटर. निरीक्षण: पोट साफ नाही. मधला कृतीचा रकाना मात्र मला भरता येईना. तो काय प्यायला, किती प्यायला, आदल्या दिवशी काय खाल्लं, मला काहीच माहीत नव्हतं. परक्या डॉक्टरने मला पहिल्या वाक्यात जे विचारलं, ते मी माझ्या सख्ख्या भावाला कधी विचारलं नव्हतं. रकाना तसाच ठेवून मी दवाखान्यात फोन लावला आणि तारीख मागितली.

या वेळी मी पाण्याचा दिवस पाहून तारीख घेतली. उपास धरला नाही. आई वर असेल तर तिने समजून घ्यावं. कुटाचा डबा नवऱ्याने आपणहून काकूंकडे नेऊन ठेवला. संध्याकाळी एक लिटर, फ्रीजमध्ये गार करून, स्ट्रॉने, मध्ये मध्ये लिंबाची फोड चोखत. पहाटे साडेचारला उठून दुसरा लिटर. चव तितकीच घाण होती, गार केल्याने साबण फक्त गार लागतो. पण अर्धं-अर्धं असल्याने ओकारी आली नाही, आणि सकाळी शेवटी जे पडलं ते फिकट पिवळं, तळ दिसेल असं पाणी होतं. रिक्षात मी टॉवेल घालून बसले होते. सिग्नलला काही झालं नाही. ज्या भीतीपोटी मी आधीची पद्धत निवडली होती ती भीती पार फुकटची होती, आणि याचाही मला राग आला.

डॉक्टर या वेळी कपाळाला हात न लावता आले. "स्वच्छ होतं, सगळं दिसलं," म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. खुर्ची ओढली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"उजव्या बाजूला वर एक गाठ होती. कोंबासारखी. मी ती तिथल्या तिथे काढलीय आणि तपासायला पाठवलीय."

"केवढी होती?"

त्यांनी चिमटीने माप दाखवलं. "शेंगदाण्याएवढी," म्हणाले, आणि आमच्यापैकी कुणीच हसलं नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण त्या वाटेवरची गाठ होती, तशीच राहिली असती तर काही वर्षांत झाली असती. आता तीन वर्षांनी परत तपासायचं. नवरा रडला. मला रडू आलं नाही, मला संताप आला. एवढंच होतं ते. एवढंसं, वेळेवर, एका नळीने खुडून टाकण्यासारखं. दादाचंही कधीतरी एवढंच असणार.

पुढच्या रविवारी मी एसटीने मंगळवेढ्याला गेले. वहिनींना तोंडाने सांगायचं होतं, फोनवर नाही. वहिनी ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी पिशवीतून रिपोर्ट काढला आणि जे झालं ते सांगितलं: गाठ होती, काढली, आता भीती नाही. पहिल्या खेपेचं मी काही बोलले नाही.

"लई बेस झालं वन्सं," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मग उठून आत गेल्या आणि कपाटातून काहीतरी घेऊन आल्या. पावडरीचं पाकीट होतं. न फोडलेलं, कोपरे मळलेले. मी प्यायले तेच, लिंबाच्या चित्राचं. "ह्ये त्यांचं. टाकू वाटंना. औषिद हाय म्हणून ठिवलं."

मी ते हातात घेतलं. मुदत केव्हाच संपली होती. "वहिनी," मी विचारलं, "पहिल्यांदा आला तेव्हा दादाने आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?"

त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "आता कशापायी इचारताय?"

"सांगा तरी."

"उपास धरला हुता की त्यांनी. सासूबाईंची रीत. मीच खिचडी करून दिली. लांब जायाचं, पोटाला आधार म्हणून कूट जरा जास्तच घातलं." त्या सुपातल्या ज्वारीवरून हात फिरवत राहिल्या. "डागदर लई बोलले त्यास्नी. घरी आल्यावर मला म्हणाले, तायडीला खिचडीचं सांगू नगंस, ती आणीक हसंल."

मी पाकिटाचे मळलेले कोपरे सरळ करत राहिले. वहिनींनी माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं.

"लई वाईट लागतंय का ओ ते प्यायला?"

"लई," मी म्हटलं. "मला पहिल्यांदा जमलं नाही, वहिनी. मलाही परत पाठवलं होतं. मीही खिचडीच खाऊन गेले होते."

वहिनी हसल्या नाहीत.